भूगोलाचे सर ट्रेनिंगला गेले म्हणजे नक्की काय करायला गेले?

"आज भूगोलाचा तास झालाच नाही, सर ट्रेनिंगला गेलेत." घरात शाळेत जाणारं पोर असेल तर हे वाक्य तुमच्या ओळखीचं असणार. त्यावर पालकांची प्रतिक्रियाही ठरलेली, की अहो इतकी वर्षं तेच शिकवतायत ना, मग आता कसलं ट्रेनिंग, सह्याद्री काय दरवर्षी सरकतो का?

प्रश्न खवचट आहे पण चुकीचा नाही. त्यात सध्या शिक्षकांनी काय शिकायचं यावरून बातम्याही बऱ्याच चालू आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि रिटायर व्हायला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, तेव्हापासून स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. पण परीक्षा एकदा पास होणं वेगळं आणि वर्षानुवर्षं शिकवताना स्वतः शिकत राहणं वेगळं, आणि हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. मी स्वतः भूगोलवाला, तेव्हा थोडा पक्षपात होणार, आधीच सांगून ठेवतो.

आधी हे ५० तासांचं प्रकरण समजून घेऊ

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वाक्य आहे, की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' साठी द्यावेत. शब्द जड आहे, अर्थ साधा: नोकरी लागल्यावर शिकणं थांबवायचं नाही. आपल्याकडे याला वर्षानुवर्षं सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात आणि बोलताना सगळे ट्रेनिंगच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

सध्या हे ट्रेनिंग तीन-चार रस्त्यांनी येतं. एक म्हणजे नोकरीला १२ वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षं झाली की निवड वेतनश्रेणी, त्यासाठीचं ट्रेनिंग, ज्याला लोक मनापासून जातात कारण त्याला पगार जोडलेला आहे. दुसरं दीक्षा ॲपवरचं ऑनलाइन, व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. तिसरं सरकारने धोरण बदललं की सगळ्यांना बोलावून दिलेलं. आणि चौथं, प्राथमिकच्या लोकांना चांगलं माहीत असलेलं, केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात ते.

आता गंमत बघा, त्या धोरणातल्या त्याच परिच्छेदात ५० तासांबरोबर असंही लिहिलंय की हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावं, आणि शिक्षकांनी एकमेकांना कल्पना सांगाव्यात यासाठी व्यासपीठं तयार करावीत. ५० हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, बाकीचं कुणाला आठवत नाही.

वरून खाली येणारं ट्रेनिंग कुठे गळतं

राज्यभरातल्या लाखो शिक्षकांना एकदम शिकवता येत नाही म्हणून एक साखळी केलेली असते. पुण्याला एससीईआरटी म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिथे काही लोकांना ट्रेनिंग मिळतं, ते जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, येऊन पुढच्यांना देतात, ते तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. मधल्या लोकांना सुलभक म्हणतात आणि बिचारे बहुतेक वेळा आपल्यासारखेच शिक्षक असतात, त्यांना आदल्या आठवड्यात सांगितलेलं असतं की तुम्ही सुलभक.

या साखळीत पीपीटी शेवटपर्यंत पोचते. पण पीपीटीवर वर जी चर्चा झाली, कुणी काय शंका विचारली, कुणी म्हणालं की आमच्याकडे हे चालणार नाही आणि त्यावर काय मार्ग निघाला, ते सगळं वाटेत गळून जातं. वर जे तीन दिवस चालतं ते खाली येईस्तोवर एक दिवसाचं होतं आणि त्या एका दिवसातही हजेरी, लिंक भरा, फोटो टाका. फोटोला जिओटॅग लागतो, त्या दिवसातला भूगोल तेवढाच.

कारण बहुतेक ट्रेनिंग विषयाचं नसतंच. मूल्यमापन, पोर्टल, नवीन धोरण, हे सगळ्या विषयांना सारखं. समोच्च रेषा, म्हणजे नकाशात सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, आठवीच्या पोरांच्या डोक्यात का शिरत नाहीत यावर बोलायला तिथे कुणालाच वेळ नसतो, आणि भूगोलाच्या शिक्षकाची गरज नेमकी तिथे असते. गणिताचे निदान दोन-तीन शिक्षक असतात शाळेत, ते आपसात बोलतात. भूगोलाचा बहुतेक ठिकाणी एकटाच, किंवा इतिहासवाल्या मॅडमनाच भूगोलही दिलेला, किंवा सायन्सवाल्या सरांचा वर्कलोड भरायला चार तास. अशा माणसाने शंका विचारायची कुणाला?

विषय येणं आणि विषय शिकवता येणं

इथे एक संकल्पना सांगतो, एकदाच. ली शुलमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये मांडलं की शिक्षकाकडे दोन प्रकारची माहिती असते असं आपण समजतो, एक विषयाची आणि एक शिकवण्याच्या पद्धतींची, पण खरं कसब तिसऱ्याच ठिकाणी असतं, म्हणजे हाच विषय याच वयाच्या मुलांना शिकवताना ती कुठे अडकतात आणि तिथून त्यांना कसं बाहेर काढायचं याची माहिती. आपल्याकडे बीएडला 'आशययुक्त अध्यापन' म्हणून जे शिकवतात ते याच्या जवळचं.

उदाहरण देतो. नकाशात उत्तर वर असते. त्यामुळे बऱ्याच मुलांच्या मनात पक्कं बसतं की उत्तर म्हणजे चढ आणि दक्षिण म्हणजे उतार, मग नदी उत्तरेकडे वाहूच कशी शकेल, पाणी वर चढतं का? हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं, मूलही तोंडाने सांगत नाही, ते फक्त उत्तरपत्रिकेत दिसतं आणि आपण लाल रेघ मारून पुढे जातो. ज्या शिक्षकाला हे एकदा सापडलं तो दुसऱ्या दिवशी नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरतो, दिशेला लावून, आणि जळगाव जिल्ह्यातली गिरणा दाखवतो जी उत्तरेकडे वळून तापीला मिळते. दहा मिनिटांचं काम.

किंवा उन्हाळा-हिवाळा. विचारा कुणालाही, मोठ्या माणसालाही, की उन्हाळ्यात गरम का होतं, तर दहातले कितीतरी म्हणतील सूर्य जवळ येतो म्हणून. आता पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि सर्वात लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२ कोटी. म्हणजे आपण स्वेटर घालून बसलेलो असतो तेव्हा सूर्य जवळ असतो. हे एवढं सांगितलं की वर्गात जी शांतता होते ना, तिथून पुढे अक्षाचा कल शिकवायला मजा येते. पण हा क्रम, की आधी त्यांचा गैरसमज त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा मग आकडा टाकायचा, हा कुणाला तरी वर्गात सापडलेला असतो आणि तो दुसऱ्याला सांगितला नाही तर त्याच्याबरोबर रिटायर होतो.

भूगोलाला याची गरज इतरांपेक्षा जास्त का आहे

गणितातला पायथागोरस कोल्हापुरात आणि गडचिरोलीत सारखाच. भूगोलाचं तसं नाही. इथे विषय म्हणजेच ठिकाणाठिकाणातला फरक, आणि एका शिक्षकाकडे ठिकाण असतं एकच, आपल्या गावाचं. बाकीचं सगळं पुस्तकातून. म्हणून मी म्हणतो की दुसऱ्या गावच्या भूगोलाच्या शिक्षकाशी ओळख असणं ही हौस नाही, प्रयोगशाळेतली अर्धी सामग्री तिकडे पडलेली आहे.

एक प्रयोग सविस्तर सांगतो, जो एकट्या शाळेला करताच येत नाही.

२१ मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी कोल्हापूरच्या शाळेने मैदानात १ मीटरची काठी सरळ उभी करायची, ओळंबा लावून, आणि नागपूरच्या शाळेनेही तशीच. सव्वाबारापासून, नागपूरला बारापासून, दर पाच मिनिटांनी सावलीची लांबी मोजायची आणि सर्वात लहान सावली कधी पडली ते लिहून ठेवायचं. कोल्हापुरात ती साधारण ३० सेंटीमीटर भरेल, नागपुरात ३९ च्या आसपास. आणि वेळ? कोल्हापुरात १२.४० च्या सुमारास, नागपुरात १२.२० च्या. पोरं पहिल्यांदा म्हणतात घड्याळ चुकलं, कारण त्यांच्या मते दुपार म्हणजे बारा.

आता या दोन आकड्यांतून काय काय निघतं ते पहा. वेळेतला फरक साधारण २० मिनिटं. दर रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे दोन गावांत जवळपास ५ रेखांशांचं अंतर, नकाशाशी ताडून बघा, जुळतं. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' रेखावृत्ताची, मग आपण त्याच्या पश्चिमेला आहोत तेही कळतं. सावलीवरून कोन काढायला त्रिकोणमिती लागत नाही, वहीवर १० सेंटीमीटरची उभी रेघ, तळाला ३ सेंटीमीटरची आडवी, दोन टोकं जोडायची आणि वरचा कोन कोनमापकाने मोजायचा, सतराच्या जरा खाली येतो. नागपूरचा एकवीसच्या जरा वर. हे झाले दोन्ही गावांचे अक्षांश, मुलांनी स्वतः काढलेले. दोन्हींत फरक साधारण साडेचार अंश, आणि नकाशावर उत्तर-दक्षिण सरळ अंतर मोजलं (एसटीच्या रस्त्याचं नाही) तर ४९० किलोमीटरच्या आसपास. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशात साडेचार अंश ८० वेळा बसतात, ८० गुणिले ४९० म्हणजे ३९,२००. पृथ्वीचा घेर आहे ४०,००० किलोमीटरच्या थोडा वर. काठी, टेप आणि एका फोन कॉलवर पृथ्वी मोजून झाली! इराटोस्थेनीसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये केलं ते तत्त्व हेच होतं.

मुद्दा असा की यातला एक शिक्षक वजा केला की प्रयोगच उरत नाही.

बरं, याच्या जोडीला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही तो, का नाही वापरत असं कुणी विचारेल. तो महाराष्ट्रात मे महिन्यात येतो, कोल्हापूरकडे पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्याला मध्यावर, नागपूरला शेवटी, आणि तेव्हा शाळेला सुट्टी. परत येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा आभाळ भरलेलं. आमच्या विषयाचं नशीब हे असं आहे.

माती, भरती आणि टँकर

सगळंच इतकं गणिती असायला पाहिजे असं नाही. यवतमाळच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो बऱ्याचदा, भरती-ओहोटीचा धडा त्यांना पाठ करावा लागतो. कोकणातल्या शाळेत तेच पोर नाक वर करून सांगतं की तिथीची पाऊणपट करा की भरतीची वेळ आली, म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा. कोळ्यांचा आणि खलाशांचा जुना हिशोब आहे हा, अगदी मिनिटावर जुळत नाही पण चंद्र आणि भरती यांचं नातं त्यात पक्कं बसलेलं आहे, उधाण (सगळ्यात मोठी भरती) कधी आणि भांग (सगळ्यात लहान) कधी तेही त्या मुलांना घरूनच माहीत. कोकणातल्या मॅडमनी पंधरा दिवस मुलांकडून भरतीच्या वेळा लिहून घेतल्या आणि तो कागद यवतमाळला पाठवला, तर तिकडची मुलं दिनदर्शिका उघडून स्वतः नियम शोधू शकतात, रोज पाऊण-एक तास पुढे का सरकते म्हणून.

उलट्या बाजूने यवतमाळहून बाटलीभर काळी माती जाऊ द्या आणि कोकणातून जांभ्याची लाल. दोन्हीकडे चाळणीवर फडकं टाकून माती ठेवायची आणि वरून सारखंच पाणी ओतायचं. काळी माती पाणी धरून बसते, जांभ्यातून भराभर खाली येतं. मग विदर्भातली मुलं विचारतात की कोकणात एवढा पाऊस पडतो मग एप्रिल-मेमध्ये तिकडे टँकर कसे काय, आणि हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला ना की पुढचे चार धडे तुम्ही जिंकलेत.

लांब जायची पण गरज नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगरापलीकडे पाऊस कमी का पडतो ते, शिकवायला या दोन टोकांच्या आणि मधल्या वाईच्या शाळेने बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकावर जुलैचे आकडे घेतले आणि एका आलेखात मांडले तर पुस्तकातल्या आकृतीकडे बघायचीही गरज नाही.

पण दुसऱ्याची कल्पना जशीच्या तशी चालते का?

नाही चालत, आणि इथेच लोक फसतात. कल्पना म्हणजे विरजणासारखी असते. शेजारणीकडून चमचाभर आणलं तर तिचं दही काही कमी होत नाही, पण लावायचं तुम्हाला तुमच्याच दुधात, तुमच्या घरच्या उबेला, आणि थंडीत कोमट जास्त ठेवायचं की कमी हे तुम्हालाच बघावं लागतं. नुसतं आणून वाटीत ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबट होतं, बस.

समोच्च रेषांचंच घ्या. दिवाळीतला मातीचा किल्ला मोठ्या घमेल्यात करायचा, त्यात दोन-दोन सेंटीमीटर पाणी चढवत जायचं आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने चुन्याची रेघ मारायची, मग पाणी काढून स्टुलावर चढून वरून फोटो काढायचा. फोटोत दिसतो तो समोच्च रेषांचा नकाशा, जिथे कडा उभा तिथे रेषा चिकटलेल्या, जिथे उतार मंद तिथे लांब. झकास आहे हे. पण मुंबईतल्या शाळेत माती आणायची कुठून, तिथल्या कुणी ते अर्ध्या बटाट्यावर केलं, सुरीने समान जाडीच्या चकत्या आणि प्रत्येक चकती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची. आणि जिथे मुलांना भोवतालचा डोंगर रोज दिसतो तिथे किल्ला कशाला, तो डोंगरच घ्या, त्याचा स्थलनिर्देशक नकाशा समोर ठेवा आणि विचारा गुरं चारायला कुठल्या बाजूने चढता. कल्पना एकच, तीन ठिकाणी तीन रूपं. म्हणून दुसऱ्याला नुसता व्हिडिओ पाठवून भागत नाही, सोबत दोन ओळी हव्यात की माझ्या वर्गात हे कुठे फसलं.

हे काही आजचं खूळ नाही

१८९३ मध्ये इंग्लंडात जिऑग्राफिकल असोसिएशन निघाली, भूगोल शिक्षकांची संघटना, आजही चालू आहे. ती निघण्यामागचं कारण भारी आहे. त्या काळी वर्गात चित्रं दाखवायला काचेच्या स्लाइडा असायच्या, मॅजिक लँटर्नमध्ये घालायच्या, आणि त्या महाग. रग्बी शाळेतल्या डिकिन्सन नावाच्या मास्तरांनी सुचवलं की प्रत्येकाने सगळ्या विकत घेण्यापेक्षा आपण एकमेकांत फिरवू या. म्हणजे एका देशातली सव्वाशे वर्षांहून जुनी संघटना सुरू झाली ती स्लाइडांच्या देवाणघेवाणीवरून. १९०१ पासून त्यांनी शिक्षकांसाठी नियतकालिकही काढलं.

जपानमध्ये दुसरी पद्धत आहे, पाठ-अभ्यास म्हणा. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे बसून बघतात, पण बघायचं शिक्षकाकडे नाही, मुलांकडे. कुठल्या मिनिटाला कोण हरवलं, कुणाची वही कोरी राहिली. मग बसून पाठ सुधारायचा आणि दुसऱ्या वर्गावर परत घ्यायचा. आपल्याकडे परिषदेत 'आदर्श पाठ' असतो तो बाहेरून असाच दिसतो पण आतून उलटा, कारण तिथे पाठ चांगलाच व्हायला हवा असतो, मुलं तयार केलेली असतात, आणि शेवटी टाळ्या. फसलेला पाठ दाखवायची मुभा नसेल तर बघणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आपल्याकडेही काही नाही असं नाही हां. १४ जानेवारीला तिळगुळाच्या गडबडीत लोकांच्या लक्षात येत नाही पण तो भूगोल दिन असतो, भूगोलमहर्षी म्हणून ओळखले जाणारे प्रा. सी. डी. देशपांडे यांचा जन्मदिवस. ज्ञानरचनावादाच्या वेळी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं या पद्धतीचा जोर होता तेव्हा, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे, आदेशाची वाट बघत कुणी बसलं नव्हतं. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांना पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याच्या कल्पनेसाठी आपण ओळखतो, एका छोट्या शाळेतली गोष्ट पुढे राज्याच्या पुस्तकांत गेली. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली हे मला जास्त लक्षात राहिलंय.

"हे सगळं ठीक आहे, पण वेळ कुठाय?"

हा आक्षेप शंभर टक्के खरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाहेरची कामं देता येत नाहीत, पण या तीन कामांतच वर्षाचा केवढा तुकडा जातो ते बीएलओ असलेल्या, म्हणजे मतदार यादीचं काम मागे लागलेल्या, कुठल्याही शिक्षकाला विचारा, आणि माहिती भरायच्या लिंका वेगळ्याच. त्यामुळे मी कुणाला नवीन काम सांगत नाही. टाचण तर लिहायचंच असतं, त्यात पाठ झाल्यावर एक ओळ, मुलं कुठे अडकली, एवढं जरी लिहिलं आणि महिन्याच्या शेवटी त्या ओळींचा फोटो दुसऱ्या गावच्या दोन मित्रांना पाठवला तरी सुरुवात झाली. दोनच. पाचशे जणांचा ग्रुप नको, तिथे शुभ सकाळ, वाढदिवस आणि जीआरच्या पीडीएफ यांच्याखाली कामाचं गाडलं जातं.

"यूट्यूबवर सगळं आहे की आता"

आहे ना, आणि ज्वालामुखी बघायला मी पण तेच लावतो. पण व्हिडिओला माहीत नसतं की तुमच्या वर्गातल्या मुलांना उत्तरेकडे चढ वाटतो. तो व्हिडिओ कुठल्या मिनिटाला थांबवून काय विचारायचं, हे दुसरा शिक्षकच सांगू शकतो.

"मी बनवलं, नाव तिसऱ्याचं"

हे फार होतं. रात्री जागून केलेली प्रश्नपेढी महिन्याभराने आपल्याच ग्रुपवर परत येते, खाली दुसऱ्याचं नाव आणि चॅनलची लिंक. यामुळे चांगले शिक्षक देणंच बंद करतात आणि मला त्यांचा राग येत नाही. यावर जालीम उपाय नाही, पण प्रत्येक पानाच्या तळाला नाव, शाळा आणि "बदल करून वापरा, नाव ठेवा" अशी ओळ टाकली तर उरलेल्या प्रामाणिक लोकांना तरी कळतं. आणि खरं सांगू का, प्रश्नपेढी चोरता येते, वर्गातला अनुभव चोरता येत नाही, तुम्ही तुमच्या गावाबद्दल लिहिलेलं दुसऱ्याच्या नावावर खपतच नाही.

"मार्कांचं काय?"

दहावीला भूगोलाचा ४० गुणांचा पेपर. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे राहिला तो नेमका हाच, रद्द झाला, सरासरीने मार्क मिळाले आणि कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, यावरून आमच्या विषयाची पत कळते. पण पेपर उघडून बघा. नकाशात दाखवा, आलेख काढा, भौगोलिक कारणे लिहा. पाठांतरावर यातलं थोडंच निघतं, बाकी ज्याने सावली मोजलीय, पावसाचे आकडे मांडलेत त्याच्याच हाताला येतं. दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेट आहे, आणि कितीतरी शाळांत तो बाकावर बसून मोठ्याने वाचला जातो! बस ठरवायला पैसे नाहीत हे मान्य, पण शाळेमागच्या ओढ्यापर्यंत चालत जायला कुठलं बजेट लागतं. तिथे काय बघायचं, कुठले प्रश्न विचारायचे याची यादी शेजारच्या तालुक्यातल्या सरांकडे तयार असू शकते.

नकाशा फॉरवर्ड करण्याआधी

एक सावधगिरी मात्र पाळा. भारताच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा छापणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी साइटवरून उचललेल्या कितीतरी नकाशांत काश्मीरचा भाग तुटक रेषांनी दाखवलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साइटवर रूपरेषा नकाशे मिळतात, तेच घ्या. उपग्रहचित्रांसाठी इस्रोचं भुवन आहे, २००९ पासून. आणि व्हॉट्सॲपवर नकाशा फोटो म्हणून पाठवला की अक्षरं फुटतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांना न विचारता नको.

मग हे ५० तासांत धरतात का?

सीबीएसईच्या शाळांत ५० पैकी २५ तास शाळेतल्या किंवा शाळांच्या गटातल्या उपक्रमांतून भरायची सोय आहे, तिथे हे सरळ बसतं. आपल्या राज्याच्या शाळांत अजून सर्टिफिकेटलाच वजन आहे, दोन मित्रांशी फोनवर बोलल्याचं सर्टिफिकेट कोण देणार. पण केंद्राची परिषद आपलीच असते, केंद्रप्रमुखांकडे अर्धा तास मागता येतो. माध्यमिकवाल्यांनी तालुक्याचा विषय संघ असेल तर तिथे मागावा, नसेल तर शेजारच्या दोन शाळांनी मिळून एखादा शनिवार काढावा. त्या अर्ध्या तासात पीपीटी लावू नका. मुलांच्या उत्तरपत्रिका घेऊन जा, तीनच, सगळ्यात चुकलेल्या, आणि विचारा की या पोराला नक्की काय वाटलं असेल.